भेटीचा रविवार

नववीत गेलं की मुलींना मोठ्या घरात हलवायचे. मोठं घर म्हणजे मैदानापलीकडची दुमजली दगडी इमारत, धुलाईघराला पाठ टेकून उभी असलेली. आठवीपर्यंत लांबलचक हॉलमध्ये झोपायचं, शिट्टी झाली की उठायचं, शिट्टी झाली की दात घासायचे. मोठ्या घरात मात्र दोघींना मिळून एक खोली. खोलीला दार, आणि दाराला आतून खिट्टी. त्या एका खिट्टीसाठी मुली चार वर्षं कळ काढायच्या.

खारूने आपली ट्रंक मैदानातून ओढत आणली तेव्हा दुसरी बाजू काडीने धरली होती. थांबत, धापा टाकत, ट्रंकेवरच बसकण मारत दोघी पोर्चपर्यंत पोचल्या आणि तिथे पोचल्यावर हसत सुटल्या. का हसतोय ते दोघींनाही सांगता आलं नसतं. वॉर्डनबाई वरच्या गॅलरीतून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हसून झालं की वर या. पलंग तुमचे तुम्ही निवडा, भांडू नका." दोघी भांडल्या नाहीत. काडीला खिडकीजवळचा हवा होता, खारूने तो देऊन टाकला.

खारू हे नाव बाबांनी ठेवलेलं. लहानपणी तिचे पुढचे दोन दात ओठांबाहेर डोकवायचे, म्हणून खारू. आणि धाकटा भाऊ दिवसभर लोळत पडायचा, म्हणून तो बोका. बाबा पूल बांधायचे आणि वर्षातला निम्मा काळ कुठल्या ना कुठल्या नदीच्या पात्रात उभे असायचे. आई दातांची डॉक्टर. खारूचे दात तिने स्वतः तारा लावून सरळ केले, तरी नाव काही सरळ झालं नाही. शाळेतही तेच चिकटलं.

काडीला काडी का म्हणायचे ते तिच्याकडे बघून कुणालाही कळलं असतं. तिचे आईवडील वेगळे झाले होते आणि दोघांनीही नवे संसार मांडले होते. दोन्ही घरांत तिच्यासाठी जागा होती, पाहुण्यांची खोली. महिन्यातल्या भेटीच्या रविवारी तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही. पाचवीतल्या पहिल्याच भेटीच्या रविवारी खारूच्या आईने तिला जिन्यात एकटी बसलेली पाहिलं आणि हाताला धरून गाडीत घातलं. तेव्हापासून काडी प्रत्येक भेटीच्या रविवारी त्यांच्याबरोबर जायची. बोका तिच्या मांडीवर झोपायचा. बाबा तिच्याशी बुद्धिबळ खेळायचे आणि हरायचे.

सातवीत काडीने प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला मुख्याध्यापिकांचा चष्मा लावला होता. आळ खारूने स्वतःवर घेतला. "माझ्या घरचे बोलावलं तर येतील तरी," ती म्हणाली होती, "तुझ्याकडून कोण येणार?" काडी तेव्हा हसली होती. खारूला ते आठवायचं ते स्वतःच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून. काडीला कसं आठवत असेल, हा विचार तिच्या मनात आला नव्हता.

मोठ्या घरात आल्यावर काही दिवसांतच आईचा फोन आला. वॉर्डनबाईंच्या ऑफिसात टेबलाच्या कडेला एक काळा फोन होता. त्यावर बुधवारी आणि शनिवारी घरच्यांशी बोलता यायचं. आई आधी इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "अगं, एक सांगायचं होतं. तुझी खोली बोक्याला दिली. त्याला आता वेगळी खोली लागते. तू काय, सुट्टीतच येतेस. माझ्या खोलीत झोपशील की."

"मला विचारलं नाहीस."

"आता विचारतेय ना."

"दिल्यावर विचारतेस?"

खारूने मग बरंच काही म्हटलं. मला इथे टाकलंत, त्याला जवळ ठेवलंत, तुम्हाला मी कधी नकोच होते. वॉर्डनबाई टेबलापलीकडे बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या. शेवटी आई थकलेल्या आवाजात म्हणाली, "रविवारी येतोय आम्ही. तेव्हा बोलू."

"येऊ नका," खारू म्हणाली आणि फोन ठेवला.

ते अर्थातच येणार होते. खारूने मनाशी ठरवलं होतं की आपण खाली जायचंच नाही. आई वर येईल, दारावर टकटक करेल, समजूत काढेल. थोडा वेळ उघडायचं नाही. मग उघडायचं.

रविवारी सकाळी तिने काडीला सांगितलं, "तू जा खाली. मी येत नाही म्हणून सांग."

"नक्की?"

"आईला वर यायला सांग हवं तर."

काडीने वेणी घातली, बूट पुसले आणि ती गेली. खारू जिन्याच्या वरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून खाली पोर्चच्या छपराची कडा दिसायची आणि पुढचा खडीचा रस्ता, थेट फाटकापर्यंत. हवा थंड होती, काचेवर तिच्या श्वासाचा डाग पडत होता. गाडी आली. बाबा उतरले, त्यांनी पाठ ताणून आळस दिला. बोका उतरला. आई उतरली. काडी पोर्चमधून धावत गेली आणि तिने आईला काहीतरी सांगितलं. आईने वर बघितलं नाही. ती पोर्चकडे बघत राहिली.

पोर्चच्या छपराखालून एक मुलगी बाहेर आली.

अंगात शाळेचा गणवेश, पाठीवर एकच वेणी. वरून फक्त डोकं दिसत होतं, भांग दिसत होता, खांदे दिसत होते. आईने हात पसरले. मुलगी त्या हातांत शिरली आणि आईने तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. डोळे मिटून, थोडं डुलत, बराच वेळ. असं आई फक्त खारूला जवळ घ्यायची. बोक्यालासुद्धा नाही, तो चुळबुळ करायचा.

खारूला आधी रागच आला. कुणाच्या तरी मुलीला जवळ घेऊन आपल्याला खिजवतात. मग तिच्या लक्षात आलं की आपण खिडकीत उभे आहोत हे आईला माहीतच नाही. बोका त्या मुलीच्या हाताला लोंबकळत गाडीकडे निघाला. काडी मागे राहिली होती. तिने एकदा वर बघितलं, सरळ खिडकीकडे, खारूच्या तोंडाकडे. मग मान वळवली आणि गाडीत बसली.

संध्याकाळी काडी परतली तेव्हा तिच्या कपड्यांना नदीच्या पाण्याचा आणि पेट्रोलचा वास येत होता. हातात केकचा खोका होता.

"कोण होती ती?" खारूने विचारलं.

"कोण?"

"आईने जिला जवळ घेतलं ती."

काडी केसातली पिन काढत होती. "उंचावरून सगळी माणसं सारखीच दिसतात," ती म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं. तिने केक कापला आणि मोठा तुकडा खारूला दिला.

बुधवारी खारू फोनपाशी गेली ती भांडायच्या तयारीत. पण आईचा आवाज इतका मऊ होता की तिला सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

"किती शहाणी झालीस ग," आई म्हणाली. "मला वाटलं होतं, तू तोंडही दाखवणार नाहीस. तर म्हणे, बोक्याला खोली असू दे, मी तुझ्याजवळ झोपेन. बाबा अजून तेच सांगत सुटलेत."

"मी आले नव्हते," खारू म्हणाली.

आई हसली. "बरं बाई, नव्हतीस आली. आणि दाढ छान बसलीये बरं का. नदीवर हसत होतीस तेव्हा नीट बघितली मी. माझंच काम, पण चांगलं झालंय. आणि बूट वाळवलेस का? चिंब झाले होते."

खारूने जीभ दाढेवरून फिरवली. आईने भरलेली दाढ जागच्या जागी होती, गुळगुळीत.

ती वर आली आणि तिने कपाट उघडलं. बाहेर जायचे तपकिरी बूट खालच्या कप्प्यात, अगदी मागे सारलेले होते. ओले होते. आत बारीक करडी वाळू होती. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या होत्या, आणि गाठ बाबांनी शिकवलेली होती. दोर ताणला की घट्ट होणारी, पण एका टोकाला धरून ओढली की सुटणारी. खारूने टोक ओढलं. गाठ सुटली.

भुताखेतांच्या गोष्टींवर खारूचा विश्वास नव्हता. हॉलमध्ये असताना मुली पांघरुणात शिरून अशा गोष्टी सांगायच्या तेव्हा ती मधेच शंका काढून सगळ्यांचा विचका करायची. आताही तिने तेच केलं. आपणच गेलो असू आणि विसरलो असू, हे तिने आधी तपासलं. पण त्या दुपारी ती लायब्ररीत होती. लायब्ररीतल्या बाईंनी तिला पुस्तकावर डोकं टेकून झोपू नकोस म्हणून हटकलं होतं. तिने मुद्दाम जाऊन विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "होतीस की. पानावर लाळ सांडली होतीस, विसरेन कशी?" म्हणजे ती इथे होती. आणि तिचे बूट नदीवर होते.

उरली ती काडी. पण काडीशी बोलायला गेलं की तिला अभ्यास असायचा, सराव असायचा, डोकं दुखत असायचं. एकाच खोलीत राहून ती कशी कुणास ठाऊक, हाताला लागेनाशी झाली.

पुढच्या भेटीच्या रविवारी खारू सगळ्यांच्या आधी तयार होऊन पोर्चमध्ये जाऊन बसली. दगडी बाक गार होता. मोठ्या घरातल्या मुली येत होत्या, त्यांचे आईवडील येत होते, गाड्यांची दारं उघडत-मिटत होती. पोर्च रिकामा होत गेला. छपराखाली आता खारूशिवाय कुणी नव्हतं. हे तिने नीट बघून घेतलं. खांबांमागे, फुलझाडांच्या कुंड्यांमागे, दारामागे.

काडी आतून आली. "बाई तुला ट्रंकांच्या खोलीत बोलावतायत. तुझ्या ट्रंकेचं झाकण उघडं राहिलंय म्हणे. उंदीर शिरतील."

"आत्ता?"

"एक मिनिटाचं काम आहे. गाडी आली तर थांबवते ना मी त्यांना."

काडीने थांबवते म्हटलं होतं. म्हणून खारू गेली.

ट्रंकांची खोली जिन्याखाली, पाच-सहा पायऱ्या उतरून, जमिनीत अर्धी बुडालेली होती. आत नॅफ्थलीनचा आणि गंजाचा वास. खारूची ट्रंक भिंतीशी होती आणि झाकण नीट बंद होतं. बाई नव्हत्या. ती वळली तेव्हा मागे दार लागलं आणि बाहेरून खिट्टी सरकल्याचा आवाज आला. सावकाश, कुरकुरत. खिट्टी सरकवणाऱ्याला आवाज व्हायला नको होता.

"काडी," खारू म्हणाली.

पलीकडे कुणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता. मग पावलं पायऱ्या चढून गेली.

भिंतीत वर, छताला लागून, एक झरोका होता. बाहेरून तो पोर्चच्या जमिनीशी यायचा. खारू ट्रंकेवर चढली आणि तिने जाळीला डोळे लावले. खडी दिसली. मग गाडीची चाकं आली आणि थांबली. बाबांचे चिखल लागलेले बूट. बोक्याचे सुटलेल्या नाडीचे बूट. आईच्या चपला, डाव्या चपलेचा पट्टा शिवलेला. काडीचे बारीक पाय.

आणि झरोक्याच्या अगदी जवळून, इतक्या जवळून की खडीचे कण आत उडाले, तपकिरी बुटांची एक जोडी चालत गेली.

"आई," खारू ओरडली. "आई, मी इथे आहे."

चपला थांबल्या. त्या झरोक्याकडे वळल्या. एक पाऊल पुढे आल्यासारख्या वाटल्या.

"काय झालं ग आई?" कुणीतरी विचारलं. तो खारूचा आवाज होता. आपला आवाज रेकॉर्डरवर ऐकला की जसा परका, जरा पातळ वाटतो, तसा.

"काही नाही," आई म्हणाली. "वाऱ्याने काहीतरी वाजलं."

वारा नव्हता.

चपला वळल्या. दारं मिटली. चाकं खडीवरून गेली.

खारूने हाका मारल्या, दार बडवलं. धुलाईघरात यंत्रं चालू होती, त्यांचा घरघराट भिंतीतून येत होता. दुपार सरली. झरोक्यातून उन्हाचा पट्टा आला, भिंतीवरून उतरत ट्रंकांवर गेला आणि विझला. तेव्हा पावलं आली. खिट्टी काडीनेच काढली.

काडी पळाली नाही. ती आत आली आणि समोरच्या ट्रंकेवर बसली. नाक उन्हाने लाल झालं होतं.

"मार मला," ती म्हणाली.

खारूने मारलं नाही. तिचे हात दार बडवून सुजले होते. "कोण आहे ती?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. पोर्चमध्ये असते. तू खाली नसलीस की असते."

"पहिल्या दिवशी तुला कळलं होतं?"

"आधी वाटलं तूच आलीस. मग वर बघितलं तर तू खिडकीत." काडीने गुडघ्यांत हात घातले. "मी घाबरले. गाडीत मी दाराला चिकटून बसले. तर तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, मी आले तर चालेल ना तुला? असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"आणि तू चालेल म्हणालीस."

काडी ट्रंकेवरचा गंज नखाने खरवडत राहिली.

"आज मी पोर्चमध्ये होते. मी जाणार होते. मग?"

"तू गेलीस की सगळे घाबरून बसतात, खारू. तुझा पारा कधी चढेल म्हणून. तुझी आई प्रत्येक वाक्य तोलून बोलते. बाबा रेडिओ लावतात. तुला ते दिसत नाही, मला दिसतं, कारण मी पाहुणी असते, मला सगळ्यांच्या तोंडाकडे बघावं लागतं." ती आता रडत होती, पण आवाज चढला नव्हता. "ती असली की तुझी आई गाणं म्हणते. मला म्हणाली, सुट्टीत तूसुद्धा आमच्याकडेच ये. कायमची खोली करू तुझी. तू असताना म्हणाली होती कधी?"

"ती माझी आई आहे."

"हो," काडी म्हणाली. "तुझ्याकडे होती ती."

बुधवारी खारूने फोन लावला. वॉर्डनबाई खिडकीतल्या रोपाला पाणी घालत होत्या. खारूने ठरवलं होतं की आवाज चढवायचा नाही. तिने चढवला नाही.

"आई, नीट ऐक. रविवारी तुमच्याबरोबर येते ती मी नाही. मी ट्रंकांच्या खोलीत होते. मी हाक मारली. तू थांबलीस. मी तुझ्या चपला बघितल्या."

तारेत खरखर होती. त्या खरखरीत आईचा श्वास ऐकू येत होता.

"थंडी वाढलीये तिकडे," आई शेवटी म्हणाली. "जादा पांघरूण मागून घे बाईंकडून. अभ्यास कर. जेवत जा नीट."

"आई."

"ठेवते आता."

खोलीत आल्यावर, पलंगाच्या कडेला बसल्यावर खारूच्या ध्यानात आलं. आईने सगळं ऐकून घेतलं होतं. पण ती कोण, असं आईने विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या भेटीच्या रविवारी खारू पोर्चमध्ये थांबलीच नाही. ती सरळ फाटकाशी जाऊन उभी राहिली. गाडी आली नाही. बोक्याला ताप आहे, असा निरोप वॉर्डनबाईंनी दिला. काडी त्या दिवशी सकाळपासून कुठेच नव्हती. संध्याकाळी आली तेव्हा तिच्या स्वेटरला मांजराचे केस लागले होते. खारूच्या घरी मांजर नव्हतं. म्हणजे खारू होती तोवर तरी नव्हतं.

मग सत्र संपलं.

निघायच्या दिवशी सगळ्या शाळेत ट्रंका ओढल्याचे आवाज होते. मुली एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, विसरलेले मोजे शोधत होत्या. खारूने बॅग घेतली आणि ती खडीच्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, पोर्चपासून लांब, उघड्यावर, जिथे कुणी आड येऊ शकणार नाही. काडी पोर्चमध्ये आपल्या सामानावर बसली होती. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

गाडी फाटकातून आत आली. खारूने बॅग खाली ठेवली आणि हात वर केला.

गाडीत मागे, खिडकीशी, ती आधीच बसलेली होती.

घरून आली होती. अंगात गणवेश नव्हता. खारूचा निळा स्वेटर होता, घरी कपाटात ठेवलेला. केस मोकळे होते. बोका तिच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होता. गाडी खारूला वळसा घालून पोर्चशी थांबली. बाबा उतरले नाहीत. आई उतरली, काडीची पिशवी उचलून तिने मागे ठेवली, काडीच्या गालावरून हात फिरवला.

"आई," खारू म्हणाली.

आई वळली.

जवळून ती दमलेली दिसत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती खारूकडे आली आणि समोर उभी राहिली. खारूच्या कोटाची कॉलर आत मुडपली होती. आईने ती बाहेर काढली, सरळ केली, आणि बोटांची मागची बाजू खारूच्या मानेला लागली तेव्हा ती तिथेच थांबली.

"मी आहे," खारू म्हणाली. "आई, मीच आहे ना. मी भांडणार नाही. खोली बोक्याला असू दे."

आईच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मग तिने हात काढून घेतला.

"थंडी आहे ग बाळ," ती म्हणाली. "आत जाऊन थांब. येतीलच तुझ्या घरचे."

तो आवाज खारूला माहीत होता. दवाखान्यात, सुई टोचायच्या आधी, आई लोकांच्या मुलांशी या आवाजात बोलायची.

गाडीच्या मागच्या खिडकीची काच खाली आली. बोका डोळे चोळत होता. "आई, खारू तिथे का उभी आहे?"

"खारू तुझ्याजवळ बसलीये," बाबा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते समोर बघत होते. "काच वर कर."

बोक्याने आधी आतल्या खारूकडे बघितलं, मग बाहेरच्या. त्याने काच वर केली नाही. तिने केली. काच वर जाताना तिने खारूकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. त्यात जिंकल्याचा भाव नव्हता. आगगाडी सुटताना फलाटावरच्या माणसाकडे बघावं, तसं ती बघत होती.

गाडी गेली. मग बाकीच्याही गेल्या. खडीवर चाकांच्या खुणा राहिल्या आणि कुणाचा तरी एक मोजा राहिला. वॉर्डनबाई शाल लपेटून बाहेर आल्या. त्यांनी खारूची बॅग उचलली.

"चल," त्या म्हणाल्या. "जेवण लवकर करतात सुट्टीत. खोली तीच राहू दे तुला. खिडकीजवळचा पलंग घे आता."

"बाई, ते मला न घेता गेले."

"तुझ्या आईशी बोलणं झालंय माझं."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस." वॉर्डनबाईंना कशाचंच नवल वाटत नव्हतं. त्या बॅग घेऊन पायऱ्या चढू लागल्या. "एखादी राहते दर वर्षी. पायऱ्या सांभाळ, ओल्या आहेत."

शनिवारी खारू ऑफिसात गेली. वॉर्डनबाईंनी फोन तिच्यापुढे सरकवला आणि त्या पेन्सिलीला टोक काढू लागल्या. खारूने नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजली आणि लगेच उचलली गेली.

"हॅलो."

मागे ताटांचे आवाज येत होते. बोका काहीतरी सांगत होता आणि काडी हसत होती. तिचं ते मोठ्याने, श्वास अडकेपर्यंत हसणं.

"खारू," पलीकडचा आवाज हळू झाला. तिने हात आडवा धरला असावा, कारण मागचे आवाज दबले. "फोन नको करत जाऊस ना. आईला मग दिवसभर जेवण जात नाही."

"मला तिच्याशी बोलू दे," खारू म्हणाली.

"कोण आहे ग?" मागून आईने विचारलं.

"कोणी नाही."

ताटांचे आवाज थांबले. खुर्ची सरकली. चपला जवळ आल्या. रिसीव्हर एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि मग कुणीच बोललं नाही. खारूनेही हाक मारली नाही. तो श्वास तिच्या ओळखीचा होता. लहानपणी ताप आला की रात्रभर तो कानाशी असायचा.

बराच वेळ तो तसाच ऐकू येत राहिला. मग रिसीव्हर खाली ठेवला गेला. हळूच, झोपलेलं मूल उठू नये म्हणून दार ओढून घेतात, तसा.